समोर मांडलेले दोन गोळे

तांब्याच्या पत्र्याला आकार येतो तो ठोक्यांनी. मी असेच ठोक्याठोक्याने मठारलेले, वयाने जुने झालेले एक शेगडीपातेले आहे. तुमच्या आजोळच्या न्हाणीघरात कधी तांब्याचा बंब पाहिला असेल, तर माझी रचना तुम्हांला लगेच कळेल. मधोमध निखाऱ्यांचे उभे धुराडे, त्याच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडण्याची जागा आणि धुराड्याभोवती गोल खंदक. बंबाच्या खंदकात अंघोळीचे पाणी तापते. माझ्या खंदकात रस्सा उकळतो आणि माझ्याभोवती बसून माणसे जेवतात. राख काढण्यासाठी माझ्या बैठकीला एक लहानसे दार आहे. हे दार जिकडे असते ती माझी पुढची बाजू. मित्रांनो, एवढी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. मी जी हकिगत सांगणार आहे ती या पुढच्या बाजूमुळेच घडली.

मला लू नावाच्या तांबटाने घडवले. पत्रा तापवायचा, विझवायचा, ठोकायचा आणि कडक झाला की पुन्हा तापवायचा, असे करत त्याने माझे पोट ओढून काढले. आतून नवसागर फिरवून कथलाची कल्हई केली. धुराडे आणि तळ यांचा सांधा त्याने कथलाच्या डाखेने बंद केला. मला घ्यायला आलेल्या तोंग घराण्याच्या सुनेला, गुईझेनला, त्याने बजावले, "वहिनी, आधी पाणी, मग विस्तव. आणि आवरताना आधी विस्तव काढायचा. कोरडं तापलं तर डाख वितळेल. मग माझ्या नावानं बोटं मोडू नका."

गुईझेन म्हणाली, "तुमच्या नावानं कशाला मोडीन? घरात नवरा आहे की!"

तो नवरा म्हणजे तोंग झेनहाई. दूर उत्तरेच्या थंड मुलखात, लियूशूतुन गावात, नदीच्या अलीकडच्या काठावर त्या दोघांची खाणावळ होती. हिवाळ्यात नदी इतकी गोठे की घोडागाड्या तिच्यावरून पलीकडे जात. खाणावळीचे दार उघडले की आधी पांढऱ्या वाफेचा लोट आत शिरे आणि मग त्यातून माणूस दिसे. भुवयांवर हिमकण, मिशा ताठ, बोटे लाकडासारखी. मेजापाशी बसताच तो माणूस माझ्या अंगाजवळ हात धरी. निखारे फुललेले असत. आंबवलेल्या कोबीचा आणि डुकराच्या पातळ कापांचा वास खोलीभर दाटलेला असे. झेनहाई हे काप इतके पातळ काढीत की त्यांतून दिव्याची ज्योत दिसे.

"तोंगदादा, हा रस्सा आहे की औषध?" एक म्हातारा गाडीवान दर खेपेला विचारी. "माझा गुडघा बोलायला लागला बघा."

"गुडघ्याला बोलू दे. तू तोंड मिटून खा."

"तोंड मिटून कसं खाऊ? रीत दाखवा!"

असा हशा पिकत असे. मला रोज राखेने आणि व्हिनेगरने घासले जाई, वर्षातून एकदा कल्हई होई. माझ्या अंगावर चेहरे दिसत. ते माझे चांगले दिवस होते.

माझ्यात जिन्नस मांडण्याची आमच्या मुलखात एक रीत आहे. तळाशी आंबवलेला कोबी अंथरायचा. त्यावर पुढे उडणारे, मागे चालणारे, डावीकडे मासा, उजवीकडे कोळंबी आणि कडेकडेने अळंबी. पुढे म्हणजे राखेच्या दाराच्या बाजूला; आणि ते दार पाहुण्याकडे करायचे. झाकण उचलताच पाहुण्याला समोर रानकोंबड्याचे मांस दिसते आणि तो समजतो, आपण या घरी हवे आहोत. या रितीला दुसरीही बाजू आहे. पाहुणा नकोसा असेल तर पुढच्या जागी मांसाचे दोन मोठे गोळे मांडायचे. तोंडाने काही बोलायचे नाही. पाहुण्याने पाहावे, ओळखावे आणि टोपी उचलून चालू लागावे.

लाकूडतोडीवरचा एक मुकादम रोज येऊन, दारू पिऊन इतर गिऱ्हाइकांशी भांडत असे. एके दिवशी गुईझेनने त्याच्यापुढे गोळे मांडले. झाकण उचलले, मुकादमाने पाहिले आणि तो घसा खाकरून म्हणाला, "थंडी वाढलीय. निघतो."

"सावकाश जा हं, भाऊजी," गुईझेन गोड आवाजात म्हणाली. "बाहेर निसरडं आहे."

त्या वेळी तिचा लहानगा मुलगा लीचेंग कोपऱ्यातल्या, खालून ऊब दिलेल्या बसायच्या ओट्यावर बसला होता. हसू दाबण्यासाठी त्याने आपली बाही तोंडात कोंबली होती. ते दोन गोळे त्याच्या मनावर कायमचे कोरले गेले.

न बोलता सांगण्याची ही सोय झेनहाईंना फार मानवली. ते मुळातच अबोल. हळूहळू मोठ्या गोष्टी ते माझ्याकरवीच बोलू लागले. शेजारच्या गुआन मावशींशी त्यांचे एकदा कोंबड्यांवरून भांडण झाले आणि पुढे कित्येक महिने बोलणे बंद होते. शेवटी त्यांनी एके दुपारी मावशींना जेवायला बसवले आणि पुढे रानकोंबडा मांडला. मावशींनी तो चवीने खाल्ला आणि हाडूक ठेवताना म्हणाल्या, "तोंगदादा, तोंडानं 'चुकलं' म्हणाला असतात, तर हा बिचारा तरी वाचला असता."

सगळे हसले. झेनहाईही हसले, पण त्यातले शहाणपण त्यांनी उचलले नाही.

गुईझेन छातीच्या दुखण्याने गेली आणि घरात बोलणारे माणूस उरले नाही. लीचेंग तोवर मोठा झाला होता. गावात दुसऱ्या खाणावळी निघाल्या, त्यांत विजेची पातेली आली, खटका दाबला की रस्सा उकळू लागे. लीचेंग म्हणे, कोळसा सोडू या, दोन भिंती पाडून जागा वाढवू या. झेनहाई दुसऱ्या दिवशी कोळशाचे जास्तीचे पोते तेवढे आणून ठेवत. असे बरेच दिवस चालले आणि एक दिवस लीचेंग दक्षिणेकडच्या कारखान्यात कामाला निघून गेला. जाताना तो दारात थांबला होता. बापाने "थांब" म्हणावे याची तो वाट पाहत असावा. बाप मात्र माझी राख काढत बसला होता. राख केव्हाच संपली होती, तरी तो काढतच होता.

त्यानंतर माझ्या अंगावरची चमक गेली. गिऱ्हाईक रोडावले. झेनहाई खोकू लागले. कल्हई करायला लू तांबट उरला नाही आणि दुसऱ्याकडे मला कोणी नेले नाही.

मग एका हिवाळ्यात, वर्षअखेरीच्या सणाच्या तोंडावर, दारातून वाफेचा लोट आत आला आणि त्यातून लीचेंग बाहेर पडला. सोबत त्याची बायको सूयिंग होती. ती दक्षिणेकडच्या हुबेई प्रांतातली, तळ्यांच्या मुलखातली. तिने तीन स्वेटर चढवले होते, तरी तिचे दात वाजत होते.

"बाबा," लीचेंग म्हणाला.

"आलास," झेनहाई म्हणाले.

एवढ्यावर त्यांचे बोलणे संपले. गुआन मावशी तिथेच कोबी चिरत होत्या. त्या म्हणाल्या, "बाई गं! एवढ्या वर्षांनी भेटलात आणि दोघांत मिळून दोन शब्द! सूनबाई, तू घाबरू नकोस हो. ही माणसं वाईट नाहीत, नुसती गोठलेली आहेत. शेकोटीजवळ ठेव, सुटतील."

सूयिंग हसली. तिने त्याच दिवशी बाह्या सारून स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मीही तिथेच फळीवर होते. त्यामुळे दोन्हीकडचे बोलणे माझ्या कानी पडले आणि तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला.

झेनहाई मावशींना म्हणाले, "तो मला न्यायला आलाय. दुकान बंद करून तिकडे उबेत राहा म्हणेल. त्यानं तोंड उघडलं तर मला नाही म्हणवणार नाही. आणि इथून उठलो तर मी जगायचो नाही."

"त्याला विचारलंत का?"

"विचारायचं काय त्यात?"

त्याच संध्याकाळी लीचेंग चुलीपाशी बायकोला हळू आवाजात म्हणाला, "मला परत जायचं नाही. इथंच राहावं, बाबांच्या हाताखाली काम करावं असं वाटतंय. पण ठेवून घेतील का? मी त्यांना टाकून गेलो होतो."

"मग विचारा ना त्यांना."

"उद्या सणाचं जेवण आहे. पातेलं ते स्वतः मांडतील. पुढे काय मांडतात ते बघतो, मग विचारतो."

सूयिंगने कपाळाला हात लावला. "तुमच्या घरात माणसं माणसांशी बोलतच नाहीत. सगळे भांड्याशी बोलतात!"

पुढे काय मांडतात याचा अर्थ तिने त्याला विचारला नाही आणि त्यानेही तो सांगितला नाही. लहानपणापासून जे माहीत असते, ते दुसऱ्याला माहीत नसेल असे आपल्या मनातही येत नाही.

दुसऱ्या दिवशी खाणावळ गिऱ्हाइकांसाठी बंद होती. मला राखेने घासून लख्ख केले होते. झेनहाईंनी खंदकात पाणी घातले, कोबी अंथरला आणि मग माळ्यावरून कागदात गुंडाळलेला रानकोंबडा काढला. तो त्यांनी कुठून मिळवला होता, कोण जाणे. हल्ली जंगलात तो दिसतही नाही. त्याचे तुकडे त्यांनी एकेक करून पुढच्या बाजूला मांडले, एक तिरका वाटला तो काढून पुन्हा बसवला. मित्रांनो, मुलाने काही विचारण्याआधीच बापाने उत्तर देऊन ठेवले होते. झाकण घालून ते मागच्या अंगणात निखारे आणायला गेले.

तेवढ्यात सूयिंग आत आली. ती पहाटेपासून खपत होती. तिच्या गावी गोळ्यांशिवाय मेजवानीला मेजवानी म्हणत नाहीत. गोळा म्हणजे गोल, गोल म्हणजे घर पुरे झाले, माणसे एकत्र आली. तिने कमळकंद बारीक चिरून मांसात घातला होता, आल्याचा रस पिळला होता आणि तळहातावर थापून थापून दोन मोठे, गुळगुळीत गोळे वाफवले होते. तिने माझे झाकण उचलले आणि तिचा चेहरा पडला. एवढे सुंदर मांडलेले पातेले आणि त्यात गोळा नाही! सासऱ्यांना एकट्याला कुठवर जमणार, असे तिला वाटले असावे. तिने सगळ्यांत मानाची जागा शोधली, आणि ती बरोबर सापडली. पुढचे रानकोंबड्याचे तुकडे तिने कोबीखाली हलकेच दाबले आणि तिथे आपले दोन गोळे ठेवले. एक जोडी, कारण सणाच्या दिवशी एकटे काही ठेवायचे नसते. झाकण घालताना ती गुणगुणत होती.

मी तांबे आहे. मी तापू शकते, उकळू शकते. ओरडू शकत नाही.

झेनहाईंनी निखारे भरले आणि मला मेजावर आणले. राखेचे दार लीचेंगकडे केले. स्वतः समोर, म्हणजे माझ्या मागच्या बाजूला, बसले. गुआन मावशी आपल्या घरी सणात गुंतल्या होत्या, म्हणून मेजाशी तिघेच होते. रस्सा खदखदू लागला. झेनहाईंनी झाकण उचलले. वाफ उसळली. ती विरल्यावरही त्यांना पुढची बाजू दिसत नव्हती, कारण मध्ये माझे धुराडे होते. त्यांना दिसत होता तो फक्त मुलाचा चेहरा.

त्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मीही पाहिला. लीचेंग गोळ्यांकडे पाहत राहिला. सूयिंग खाली मान घालून, गालात हसत, तो पहिला घास कशाचा घेतो याची वाट पाहत होती. त्याने चॉपस्टिक उचलल्या, क्षणभर हातात धरल्या आणि न वापरताच मेजावर एकमेकींशेजारी ठेवून दिल्या.

"बाबा, आम्ही निघतो," तो म्हणाला.

झेनहाईंच्या हातातले झाकण तसेच राहिले. आपण मांडलेला रानकोंबडा मुलाने पाहिला आणि घासही न घेता तो उठला, एवढेच त्यांना कळले.

"बरं," ते म्हणाले. "गाडी मिळेल?"

"मिळेल."

"टोपी घाल."

सूयिंगने नवऱ्याकडे पाहिले, सासऱ्याकडे पाहिले. तिचे ओठ हलले. पण सासऱ्यासमोर नवऱ्याला जाब विचारायचा नाही, अशी तिला शिकवण होती. ती उठली आणि बोचके बांधू लागली. दार उघडले, पांढरा लोट आत आला, दार मिटले.

झेनहाई आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. माझ्यात रसरसलेले निखारे होते. धुराड्यावर टोपण घालून विस्तव दाबायला कोणी नव्हते, रश्शात भर घालायला कोणी नव्हते. पाण्याची पातळी उतरत गेली. कोबी तळाला लागला, मांस करपले. मग तळ कोरडा पडला आणि ज्याची ताकीद मला घडवणाऱ्याने दिली होती तेच झाले. सांध्याची डाख मऊ झाली, ओघळली. मित्रांनो, धातूला वेदना होत नाहीत असे तुम्हांला शाळेत शिकवतात. असेलही तसे.

करपल्याचा वास भिंतीपलीकडे गेला आणि गुआन मावशी धावत आल्या. त्यांनी हाताला लागली ती बादली माझ्यात ओतली. पाणी सांध्यातून सरळ निखाऱ्यांवर गेले आणि राखेचा मोठा फवारा उडाला. आवाजाने झेनहाई बाहेर आले. त्यांनी एका ओल्या फडक्यात धरून मला दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर ठेवले. त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या.

राख खाली बसल्यावर मावशींनी आत डोकावून पाहिले. करपून काळे झाले होते, तरी दोन्ही गोळे जागा सोडून हलले नव्हते.

"तोंगदादा," मावशींचा आवाज बदलला, "पोराला हाकललंत?"

"मी? मी कशाला हाकलीन? तोच उठून गेला. रानकोंबडा मांडला होता मी!"

"मग हे काय आहे?"

झेनहाई वाकले. त्यांनी पाहिले. बोटाने एक गोळा फोडला, तर आत कमळकंदाचे तुकडे होते; आमच्याकडे तो कोणी घालत नाही. त्यांनी कोबी बाजूला सारला. खाली रानकोंबड्याचे तुकडे होते.

"सूनबाई..." ते म्हणाले. "तिला काय माहीत!"

आणि ते तसेच धावले. कोट खुंटीवर, हातमोजे कोटाच्या खिशात, बाह्या ओल्या. मावशी मागून ओरडल्या, "अहो, कोट! कोट तरी घाला, मरायचंय का?" पण ते नदीच्या दिशेला लागले होते. गाडीचा थांबा पलीकडच्या काठावर. रस्ता पुलावरून वळसा घेऊन जातो. बर्फावरची पाऊलवाट सरळ जाते.

पुढचे मी पाहिलेले नाही, नंतर ऐकलेले आहे. थांब्यावर, गाडीची वाट पाहताना, सूयिंगला अखेर राहवले नाही. "एवढं काय झालं हो? पहाटे उठून केले मी. गोळे आवडत नव्हते तर तसं सांगायचं. चव तरी बघायची होती!"

लीचेंगने वळून विचारले, "ते गोळे तू ठेवलेस?"

"मग कोण ठेवणार?"

ज्या घरात कोणी कोणाला विचारत नसे, त्या घरात परक्या मुलखातून आलेल्या मुलीने पहिला प्रश्न विचारला होता. लीचेंगने बोचके खांद्यावर टाकले आणि ती दोघे परत पळत सुटली, पुलावरून, रस्त्याने.

दार उघडले तेव्हा मी जमिनीवर होते. माझा तळ फुटलेला, भोवती राखेचा चिखल. लीचेंगने हाक मारली, "बाबा!" आतली खोली रिकामी होती. खुंटीवर कोट होता. त्या कोटाकडे पाहून तो जसा उभा राहिला, तसे उभे राहिलेले माणूस मी पुन्हा कधी पाहिले नाही. इतक्यात मावशी दारात आल्या आणि नदीकडे बोट करत म्हणाल्या, "तुम्हांला आणायला गेलेत ते! बर्फावरून!"

झेनहाई थांब्यावर पोचले तेव्हा गाडी नुकतीच सुटली होती. मुलगा त्यात बसून गेला, असेच त्यांनी धरले. तिथे दोन माणसे उभी होती. ही गाडी धरायला आलेले एक जोडपे मागे फिरले का, एवढे जरी विचारले असते तर ती सांगू शकली असती. त्यांनी विचारले नाही. परत फिरले. नदीच्या मध्यावर त्यांचा पाय घसरला, घोटा मुरगळला आणि उठवेना. लीचेंगला ते सापडले तेव्हा बसलेले होते, ओल्या बाह्या हाताभोवती काचेसारख्या गोठलेल्या. मुलाला पाहून ते म्हणाले, "गाडी चुकली का रे?"

तालुक्याच्या डॉक्टरांनी हिमदंश झालेली उजव्या हाताची दोन बोटे पेरापासून काढली. ज्योत दिसेल असे काप काढणारा तो हात पुन्हा सुरीवर स्थिर झाला नाही.

लीचेंग आणि सूयिंग परत गेली नाहीत. खाणावळ चालू आहे, कोळसाही चालू आहे. नवी पातेली आली. मला एका फिरत्या कारागिराने डाख दिली, पण जळालेली जुनी कल्हई न खरवडता वरवर दिलेली डाख धरत नाही. मी अजून झिरपते. म्हणून मला स्वयंपाकघराच्या फळीवर पालथे ठेवले आहे. भांड्यांकडे वेळेवर लक्ष द्या, मित्रांनो. सांधा सुटल्यावर केलेली धावपळ सांधा जोडत नाही.

पण माझी काळजी ती नाही. सूयिंगने त्या दिवसानंतर गोळे केलेले नाहीत. दर सणाला झेनहाई तिला सांगतात, "सूनबाई, या खेपेला तुझ्याकडचे गोळे कर." त्यांना वाटते, यातच सगळे आले, तुझा काही दोष नव्हता, हेही आले. सूयिंग त्या बोटांकडे पाहते आणि तिला त्याच वाक्यात दुसरेच ऐकू येते: तू काय केलेस ते मी विसरलेलो नाही. ती "हो बाबा" म्हणते आणि करत नाही. ती करत नाही म्हणून झेनहाईंना वाटते, हिने मला अजून क्षमा केलेली नाही. लीचेंग दोघांकडे पाहतो आणि रश्शात पळी फिरवत राहतो.

माझी तुम्हां मुलांना एक कळकळीची विनंती आहे. जे सांगायचे ते ताटात मांडून, वाटीत वाढून, दाराआड ठेवून सांगू नका. आम्ही भांडी अन्न धरून ठेवतो. तुमच्या मनातले धरून ठेवण्याएवढा आमचा सांधा पक्का नसतो. आणि कोणी काही मांडलेले दिसले, मन दुखले, तर ताटावरून उठण्याआधी विचारा, हे कोणी ठेवले आणि का. विचारणारा लहान ठरत नाही. 'पोरी, तुझी चूक नव्हती,' हे वाक्य फार मोठे नाही. ते बोलायला बोटे लागत नाहीत.

झेनहाईंचा खोकला या हिवाळ्यात वाढला आहे. ते आतल्या खोलीत ओट्यावर बसलेले असतात आणि या बाजूला, स्वयंपाकघरात, सूयिंग कोबी चिरत असते. सुरीचा आवाज त्यांना ऐकू जातो, खोकल्याचा आवाज तिला ऐकू येतो. मध्ये कापडाचा एक पडदा आहे.